घोरपडीची कवळी

घोरपडीचं इंजिन गेलं ते टेकडीच्या ऐन चढावर. आधी निळा धूर निघाला, मग डब्यात खिळे घालून कोणी हलवावेत तसा आवाज आला, आणि मग काहीच आलं नाही. डॉक्टर उतरले, बोनेट उघडून आत वाकले, आणि सवयीने म्हणाले, "काढावं लागेल."

घोरपड म्हणजे डॉक्टरांची गाडी. दोनच माणसांची, उघड्या टपाची, बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाची, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की बसल्या जागेवरून रस्त्यावरच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या गुडघ्यांशी बोलावं लागे. तिला घोरपड हे नाव डॉक्टरीणबाईंनी दिलं होतं, आणि ते कौतुकाने दिलेलं नव्हतं. डॉक्टर दातांचे. उभं आयुष्य त्यांनी दुसऱ्याच्या तोंडात वाकून काढलं. समोर बघायचं तर दाढेपर्यंत, त्यापुढे पडजीभ. अशा माणसाला मोकळ्या रस्त्याची भूक लागली तर त्यात नवल नाही. दवाखाना चालू होता तेव्हा ती भूक रविवारपुरती होती. दवाखाना बंद झाला आणि आठवड्याचे सगळे वार रविवार झाले.

याचा परिणाम म्हणजे मागल्या वर्षी डॉक्टर शेजारच्या गल्लीतल्या एका कुंपणात गाडीसकट शिरले. लागलं कोणालाच नाही, पण कुंपणाच्या पलीकडे एक गृहस्थ खुर्ची टाकून पेपर वाचत होते, आणि त्यांनी पेपर खाली घेतला तेव्हा मांडीपासून हातभर अंतरावर घोरपडीचे दोन दिवे होते. ते गृहस्थ पुढे बरेच दिवस घरात बसून पेपर वाचत.

डॉक्टरांना एकच लेक. ती गाडी शिकवायचं स्कूल चालवायची. पिवळी गाडी, टपावर पाटी, शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळे ब्रेक आणि क्लच. म्हणजे बाप कुंपणात शिरला ही बातमी तिच्या दृष्टीने नुसती काळजीची नव्हती, धंद्याच्या अब्रूची होती. तिने बापाला समोर बसवलं आणि ठणकावून सांगितलं, की काटा साठच्या वर गेला असं माझ्या कानावर आलं तर चावी माझ्या कपाटात. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी आयुष्यभर लोकांना 'अजिबात दुखणार नाही' असं सांगितलं होतं, तेव्हा खोटं बोलताना चेहरा कसा ठेवायचा हे त्यांना शिकवायला नको होतं.

तर, इंजिन गेलं. गाडी ओढून मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. मिस्त्री डॉक्टरांचा जुना दोस्त आणि जुना पेशंट. त्याच्या तोंडातल्या अर्ध्याअधिक दातांवर डॉक्टरांचा हात फिरलेला, आणि घोरपडीच्या एकूण एक नटावर मिस्त्रीचा. त्याने इंजिन उघडून बघितलं आणि सांगितलं की याचं बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून, पिस्टन बदलून पुन्हा उभं करता येईल, पण जीव आधी होता तेवढाच राहील. डॉक्टर घरी जे कबूल करून आले होते ते नेमकं हेच होतं. आहे तसं दुरुस्त करा, केसभरही जास्त नको. लेकीने तर फोनवर मिस्त्रीलाही तसं बजावलं होतं.

पण गॅरेजच्या मागच्या बाजूला, ताडपत्रीखाली, एक मोठं इंजिन पडलं होतं. एका अपघातात चेपलेल्या लांबलचक गाडीतून काढलेलं, त्याच कंपनीचं, चांगल्या चालीचं. मिस्त्री त्याबद्दल काहीच बोलला नाही. तो फक्त चहाचा कप ठेवायच्या निमित्ताने तिकडे गेला आणि ताडपत्रीचं एक टोक जरासं वर करून परत आला. डॉक्टर ते बघत राहिले.

"हे बसेल?" त्यांनी विचारलं.

"बसायला काय, बसेल. माउंटिंग थोडी सरकवावी लागतील. रेडिएटर पुढे घ्यावा लागेल." मिस्त्रीने कप फिरवला. "पण तुमच्या लेकीने सांगितलंय."

"लेकीने सांगितलंय की गाडी आधीसारखी दिसली पाहिजे."

तसं लेकीने मुळीच सांगितलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. अळीमिळी गुपचिळी ठरली.

पुढचे दिवस डॉक्टरांच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. रोज नाश्ता झाला की ते गॅरेजात जात. चेनपुलीने जुनं इंजिन वर उचललं तेव्हा ते शेजारी उभं राहून, मोठी दाढ निघताना पेशंटच्या नातेवाइकाने बघावं तसं बघत होते. नवं इंजिन खाली उतरवताना ते एका बाजूला अडलं, मग बाजूचा पत्रा ठोकून जागा केली. गिअरबॉक्स जुळवला. एक्सिलरेटरची केबल जुन्या इंजिनाला डावीकडून येत होती, नव्याला उजवीकडून लागत होती, तेव्हा मिस्त्रीने पट्टी कापून, वाकवून तिच्यासाठी नवा आधार तयार केला. कार्ब्युरेटर मात्र डॉक्टरांनी कोणाला हात लावू दिला नाही. त्यांनी घरून आपली पेटी आणली आणि दाताची मुळं साफ करायच्या केसासारख्या सुयांनी त्यातलं एकेक बारीक भोक साफ केलं. मिस्त्री म्हणाला, या कार्ब्युरेटरला आता उभ्या जन्मात कीड लागायची नाही.

शेवटी नव्या इंजिनाच्या झाकणाला जुन्या इंजिनाचा हिरवा रंग दिला, जुन्याची पाटी काढून नव्यावर लावली, आणि वर थोडं जळकं तेल पुसलं, म्हणजे नवं नवं दिसू नये. चोरी करावी तर अशी.

गॅरेजातून घरी आणताना, वाटेत एका सरळ रस्त्यावर, डॉक्टरांनी एकदाच पाय पूर्ण दाबला. पाठ सीटला चिकटली आणि तोंडातून "आई गं" बाहेर पडलं. हे 'आई गं' त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. घरी आल्यावर त्यांनी चेहरा सरळ केला, गाडी घरच्या गॅरेजमध्ये लावली आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं की छान झालं काम, अगदी होती तशी झाली. डॉक्टरीणबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी चिमटा तोंडात धरला होता, त्यामुळे त्या फक्त "हं" म्हणाल्या.

आता डॉक्टरीणबाईंबद्दल सांगायला हवं. त्या नुसत्या डॉक्टरांच्या बायको म्हणून डॉक्टरीणबाई नव्हत्या. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून त्या कवळ्या बनवत. डॉक्टर पुढे माप घेत, बाई मागे त्यावरून साचा काढत, गुलाबी मसाला ओतत, दात बसवत आणि घासूनपुसून अशी चकचकीत कवळी बाहेर पाठवत की घालणारा आधी आरशापुढे जाई आणि मग घरी. आसपासच्या गल्ल्यांतली निम्मी म्हातारी माणसं बाईंच्या हातचं हसत होती. बोलायला मात्र बाई कमी. त्यांचं सगळं बोलणं हातात होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मोठ्या थाटात टेकडीच्या रस्त्याला लागले. चढ आला. त्यांनी आजूबाजूला बघितलं, टोपी घट्ट केली आणि पाय दाबला. घोरपड चढली. चांगली चढली. पण कालच्यासारखी नाही. अगदी जुन्या इंजिनावर चढायची तशी. डॉक्टरांनी पाय अजून दाबला, पण अजून दाबायला पुढे काही उरलंच नव्हतं. मागून एक दूधवाल्याची गाडी आली आणि हॉर्न देऊन पुढे गेली.

डॉक्टर तडक मिस्त्रीकडे. दोघांनी कंबर कसली. आधी पेट्रोलवर संशय घेतला. पंप तपासला, फिल्टर बदलला. मग प्लग काढले. प्लग छान कोरडे, बदामी रंगाचे. मग टायमिंग पुढेमागे करून बघितलं. मग कार्ब्युरेटर पुन्हा उघडला आणि डॉक्टरांनी सुयांनी ती निष्पाप भोकं पुन्हा कोरली. प्रत्येक वेळी मिस्त्री बोनेटखाली हात घालून थ्रॉटल उघडायचा आणि इंजिन अशी आरोळी ठोकायचं की पलीकडच्या दुकानातला न्हावी वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यापासून लांब घ्यायचा. आणि प्रत्येक वेळी डॉक्टर गाडी रस्त्यावर नेऊन पडेल चेहऱ्याने परत यायचे.

शेवटी मिस्त्री पुसायच्या कापडावर हात पुसत म्हणाला, "डॉक्टर, हाताने उघडलं की पळतं आणि पायाने दाबलं की मरतं. म्हणजे रोग हाताच्या आणि पायाच्या मधे आहे."

हे खरं तर पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. पण केबल मिस्त्रीने स्वतः बसवली होती, स्वतः ताणून बघितली होती, आणि आपल्या हाताच्या कामावर आपणच संशय घ्यायचा म्हणजे जिवावर येतं. आता डॉक्टर आत बसले, मिस्त्री बोनेटशी राहिला. डॉक्टरांनी पेडल तळापर्यंत दाबलं. मिस्त्रीने आत बघितलं आणि म्हणाला की थ्रॉटलची झडप अर्धीच उघडतेय. त्याने केबल ताणली. तेवढ्याने झडप वर थोडी जास्त उघडली खरी, पण आता पाय काढल्यावर ती पूर्ण मिटेना. घोरपड जागच्या जागी गुरगुरत, थरथरत उभी राहायला लागली. सिग्नलला डॉक्टरांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या एका सायकलवाल्याने त्यांच्याकडे असं बघितलं, की या वयात हे शोभतं का.

दुपारी घरी डॉक्टरीणबाई पडल्या होत्या तेव्हा डॉक्टर गॅरेजमध्ये गेले. त्यांनी बरोबर दात बघायचा लांब दांडीचा आरसा आणि छोटी बॅटरी घेतली होती. ते घोरपडीच्या दारातून पालथे आत शिरले, पाय बाहेर, डोकं पेडलांपाशी. पायाखालचा गालिचा उचलला आणि आरसा आत सरकवला.

एक्सिलरेटरच्या पेडलाखाली, तळाच्या पत्र्यावर, एक गुलाबी गोळा बसवलेला होता.

डॉक्टरांनी बॅटरी जवळ नेली. तो गोळा नव्हता. व्यवस्थित घडवलेला, कडा गोल केलेला, चकचकीत पॉलिश केलेला, हिरडीच्या रंगाचा जाडजूड ठोकळा होता. पत्र्याला जिथे उंचवटा होता तिथे ठोकळ्याला तेवढाच खळगा. म्हणजे कोणीतरी गाडीच्या तळाचं रीतसर माप घेऊन, साचा काढून, कवळी बसवावी तशी ती अडकण बसवली होती. हलवली तर हलेना, आणि दोन बोटांनी नीट धरून उचलली तर हलकेच सुटून हातात आली. इतकं सुरेख काम या पृथ्वीतलावर एकच माणूस करत होतं, आणि ते आत पलंगावर दुपारची झोप घेत होतं.

डॉक्टर तसेच पालथे पडून राहिले. पहिल्यांदा राग आला. लगेच मागोमाग लक्षात आलं की रागावता येणार नाही. काय म्हणणार? 'तू माझ्या पेडलाखाली हे का ठेवलंस' असं विचारावं, तर 'तुम्ही माझ्यापासून लपवून इंजिन का बदललंत' हे उत्तर तयार. ज्याअर्थी अडकण आहे त्याअर्थी तिला कळलेलं आहे. पण ती तसं म्हणालेली नाही. म्हणजे आपणही म्हणायचं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कोणाकडे?

त्यांनी विचार केला, आणि अडकण परत जागेवर ठेवली. मात्र आधी माडीवरच्या जुन्या सामानातून ड्रिल काढून तिची वरची बाजू तांदळाच्या दाण्याएवढी घासली, वर पॉलिशही केलं. दुसऱ्या दिवशी घोरपड जरा जास्त पळाली. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी एक दाणा. डॉक्टर खूश होते. रात्रीच्या जेवणाला बसले की समोरासमोर दोघं अगदी गोडीने बोलत, मीठ पुढे सरकवत, आणि दोघांचेही डोळे ताटात.

चार-पाच दिवसांनी डॉक्टरांनी चढावर पाय दाबला आणि घोरपड बैलगाडीसारखी चालायला लागली. घरी येऊन बघतात तो अडकण नवी. पहिलीपेक्षा जाड.

आता मात्र डॉक्टरांना चेव आला. अडकणीला हात न लावता त्यांनी मिस्त्रीकडून झडपेच्या दांडीवर केबल अडकवायला नवं भोक पाडून घेतलं, आधीच्यापेक्षा आतल्या बाजूला. म्हणजे पेडल तेवढंच दाबलं जाणार, पण झडप जास्त उघडणार. मिस्त्रीने ते केलं, ठोकळ्याची सगळी हकीकत ऐकली आणि विचारलं, की सरळ तो ठोकळाच का काढून टाकत नाही? डॉक्टर म्हणाले, "तुमचं लग्न होऊन किती वर्षं झाली?" मिस्त्री अविवाहित होता. त्याने पुढे विचारलं नाही.

त्या भोकामुळे घोरपड उड्या मारायला लागली. पाय नुसता टेकला तरी बेडकासारखी पुढे. एके दिवशी डॉक्टरीणबाईंना बाजारात सोडायला निघताना तिने फाटकातून अशी उडी घेतली की बाईंच्या हातातली पिशवी मागे अंगणातच राहिली. बाई उतरल्या, पिशवी आणली, पुन्हा बसल्या, पदर नीट केला. दुसऱ्या दिवशी अडकण आणखी जाड.

तेव्हा डॉक्टरांना एक खोडी सुचली. बाईंच्या खोलीतल्या खणात कवळीचे सुटे दात होते, रांगेने, आकारावार. त्यातला एक पुढचा दात त्यांनी उचलला आणि अडकणीच्या मधोमध बसवला. नुसता एक. आरशात बघितलं तर गुलाबी हिरडीतून एक दात दाखवत घोरपड फिदीफिदी हसत होती. डॉक्टर दिवसभर आपल्याशीच हसत होते. बाईंनी विचारलं काय झालं, तर म्हणाले जुना एक पेशंट आठवला.

दोन दिवसांनी त्यांनी गालिचा उचलला. दातांची जोडी झाली होती. शेजारचा दात बाईंनी किंचित वाकडा बसवला होता, एकावर एक आलेला, थेट डॉक्टरांच्या स्वतःच्या पुढच्या दातांसारखा. डॉक्टर पालथे पडल्या पडल्या इतके हसले की त्यांचा आरसा हातातून सुटून सीटखाली गेला. मग त्यांनी सुळा लावला. बाईंनी दुसरा सुळा लावला. बघता बघता पुढचे सगळे दात आले. एव्हाना घोरपड पळते की रांगते, याकडे डॉक्टरांचं तितकंसं लक्ष राहिलं नव्हतं. सकाळी उठलं की आधी गॅरेजमध्ये जाऊन गालिचा उचलावासा वाटे.

मध्ये एकदा लेक येऊन गेली. तिने बापाची, गाडीची चौकशी केली. बाप म्हणाला, छान, साठच्या खालीच आहे. हे अक्षरशः खरं होतं. आई म्हणाली, छान. लेकीला दोघांचं एवढं एकमत कधी आठवत नव्हतं. ती जाताना दारात क्षणभर थांबली, पण तिला नेमकं काय खटकतंय ते सापडलं नाही.

मग एका सकाळी, ऊन छान पडलं होतं, डॉक्टर टोपी घालून निघाले तर डॉक्टरीणबाई गाडीपाशी उभ्या. डोक्याला रुमाल बांधलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी हात पुढे केला.

"आज मी चालवते."

बाईंना गाडी येत होती. घरच्या साध्या गाडीतून त्या बाजार करत. घोरपडीला मात्र त्यांनी इतक्या वर्षांत हात लावला नव्हता. डॉक्टरांनी चावी दिली आणि शेजारी बसले. मनातून ते निर्धास्त होते. आदल्या दिवशीच त्यांनी बघितलं होतं, खाली आख्खी दातांची कमान शाबूत होती. एवढ्या जाड अडकणीवर घोरपड काय उड्या मारणार.

बाईंनी सीट पुढे ओढली, आरसे नीट केले, गाडी अलगद फाटकाबाहेर काढली. गावातून अगदी शहाण्यासारखी चालवली. टेकडीचा रस्ता लागला. चढाच्या पायथ्याशी त्यांनी एक गिअर खाली टाकला, अगदी सहज, पोळी उलटावी तसा, आणि पाय दाबला.

डॉक्टरांची टोपी उडाली. पाठ सीटमध्ये रुतली. मोठं इंजिन घसा मोकळा करून गायला लागलं आणि रस्ता जाजम गुंडाळावं तसा गाडीखाली गोळा व्हायला लागला. डॉक्टरांनी काट्याकडे बघितलं, मग पेडलाकडे, मग बायकोकडे. बाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण चष्म्याखाली गाल वर आले होते.

"काढलीस?" डॉक्टर ओरडले.

"काय?" बाईंनी वाऱ्यात विचारलं.

पुढच्या वळणानंतर एक पिवळी गाडी जीव मुठीत धरून चढ चढत होती. टपावर पाटी. डॉक्टरांनी पाटी वाचली आणि आपोआप सीटमध्ये खाली सरकले. बाईंनी मात्र रीतसर इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, आणि पिवळ्या गाडीच्या बाजूने घोरपड सुसाट पुढे काढली. डॉक्टरांना एका क्षणात दोन गोष्टी दिसल्या. एक, गाडी शिकायला बसलेली, स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलेली बाई. कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण. दुसरी, तिच्या शेजारी आपली लेक, तोंड उघडं. डॉक्टरांच्या धंद्यात म्हणतात तसं, पूर्ण 'आ'.

टेकडीच्या माथ्यावर गाड्या थांबवायला जागा होती. बाईंनी घोरपड तिथे लावली आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. खालून चढावरून पिवळ्या गाडीची घरघर ऐकू येत होती. मध्येच ती बंद पडे, थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा घरघर. मनात आणलं असतं तर दोघांना सहज पळून जाता आलं असतं.

"तुला कधी कळलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. कपडे वाळत घालत होते ना. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली तेव्हाच वाटलं, ही आपली नाही. आपलीला खोकला होता." बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. "आणि तुमच्या नखांत हिरवा रंग होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. वाटलं, गाडी पळेना झाली की याल विचारायला. तुम्ही ड्रिल काढलंत."

खाली पिवळी गाडी पुन्हा बंद पडली. इतक्या वर्षांत त्यांनी दुसऱ्या कोणाच्या तोंडातली भानगड या बाईपासून लपवली नव्हती. पेशंटची प्रत्येक कीड आधी मागच्या खोलीत सांगितली होती. आणि स्वतःच्या गाडीत आख्खं इंजिन बदललं, ते मात्र मिस्त्रीला माहीत आणि हिला नाही. त्यांना ते आता पहिल्यांदाच तसं दिसलं, आणि जरा बोचलं.

"चुकलंच," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं."

"हं," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तो वाकडा दात ओळखलात?"

"ओळखला. मग आज का काढलीस ती?"

बाईंनी खालच्या रस्त्याकडे बघितलं. "तुम्ही एवढं मरमर करत होतात. म्हटलं, आहे तरी काय बघू." आणि त्या अशा हसल्या की डॉक्टरांना दवाखान्याच्या पहिल्या वर्षातली मागची खोली आठवली.

एवढ्यात पिवळी गाडी धापा टाकत माथ्यावर आली. लेक उतरली. बेकरीवाल्या बाई स्टिअरिंग न सोडता आतच बसून राहिल्या. लेकीने घोरपडीपाशी येऊन बोनेट उघडलं आणि आत बघितलं. हिरवा रंग, जुनी पाटी, जळकं तेल. हे सगळं बापाने मोठ्या कलाकुसरीने केलं होतं आणि लेकीला ते ओळखायला एक श्वासही लागला नाही.

"हे इंजिन कुठलं?"

"मी बसवलं," डॉक्टर म्हणाले.

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

लेकीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. तिच्या लहानपणी अशा वेळी ती उभी असायची आणि हे दोघं समोर बसून तिची उलटतपासणी घ्यायचे. आज उलटं होतं. तिने हात पुढे केला. बाईंनी चावी दिली. लेक म्हणाली की ही गाडी आता माझ्या ताब्यात, आणि आधी मी ती स्वतः तपासणार. ती बसली, पट्टा लावला, आणि निघून गेली.

तिघं माथ्यावर उभे राहिले. बेकरीवाल्या बाई एव्हाना उतरल्या होत्या आणि त्यांनी पिशवीतून बिस्किटं काढली होती. तिघं बिस्किटं खात असताना इंजिनाचा आवाज खाली उतरत गेला, लांब गेला, बराच वेळ काही नाही. मग तो पुन्हा वर यायला लागला. पहिल्या वळणाला जरा जपून. दुसऱ्याला कमी जपून. तिसऱ्या वळणाला डॉक्टरांनी बाईंकडे बघितलं आणि बाईंनी बिस्किटाकडे.

लेक परत आली तेव्हा तिचे सगळे केस मागे गेले होते आणि गाल लाल झाले होते. तिने गाडी लावली, थोडा वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली. मग घसा साफ केला.

"ब्रेक बदलायचे," ती कडक आवाजात म्हणाली. "या ब्रेकवर हे इंजिन म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. उद्याच्या उद्या मिस्त्रीकडे. मागचे टायरही. आणि ते केबलचं भोक कोणी पाडलं? ते आधीच्या जागी घ्या, पाय टेकला की उडी मारते."

"बरं," डॉक्टर म्हणाले.

"हे सगळं होईपर्यंत तुम्ही हिला हात लावायचा नाही, बाबा. आता मी आणि आई खाली घेऊन जातो."

घोरपडीत जागा दोघांचीच. बेकरीवाल्या बाईंनी आपली आजची शिकवणी कधीच संपल्याचं सांगून मागची सीट गाठली, आणि पिवळ्या गाडीच्या स्टिअरिंगवर डॉक्टर बसले. टपावर 'शिकाऊ चालक' ही पाटी तशीच होती. समोरून हिरवी गाडी पहिल्या वळणाआड गेली, बाईंचा रुमाल तेवढा क्षणभर दिसला, आणि मग नुसता आवाज.

डॉक्टरांनी गिअर टाकला. क्लच अनोळखी होता. गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मागून एक ट्रक आला, पाटी वाचून लांबच थांबला, आणि ट्रकवाल्याने खिडकीतून हात काढून सावकाश होऊ द्या, सावकाश, असं खुणेने सांगितलं.

मागच्या सीटवरून बेकरीवाल्या बाईंनी पुढे वाकून डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"होतं असं, काका," त्या मायेने म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यात माझंही असंच व्हायचं. आधी आरसा बघा."